दप्तरी दाखल न झालेली फिर्याद
(सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस अनावृत पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,


आपल्या खात्याकडे गावोगावच्या उपकेंद्रांतून जे मासिक तक्ते जमा होतात, त्यांत क्षयाच्या रुग्णांची, बाळंतपणांची आणि बालमृत्यूंची नोंद ज्या बारकाईने केलेली असते ती पाहिली म्हणजे हे राज्य आपल्या प्रजेच्या देहाविषयी अगदीच उदासीन आहे, असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. तथापि या सगळ्या कागदपत्रांत जिच्यासाठी स्वतंत्र रकाना कोणी आखलेला नाही, आणि जिच्यापायी सहसा मृत्यू ओढवत नसल्यामुळे जिची दखल घेण्याची निकड कोणत्याही अधिकाऱ्यास भासत नाही, अशी एक व्याधी या राज्यातील असंख्य स्त्रिया वर्षानुवर्षे मुकाट्याने अंगावर काढीत आहेत. खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याची घागर उचलताना लघवी सुटणे, किंवा कळ आल्यावर मोरीच्या दाराशी पोहोचेपर्यंतही ती न धरवणे, ही ती व्याधी. तिच्याविषयी जाहीरपणे लिहिणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणून आहे. परंतु शिष्टांच्या या मौनाचा दंड आजवर ज्यांच्याकडून वसूल होत आला त्यांना पत्र लिहिण्याची सवय नाही, म्हणून हा खटाटोप.

आपण म्हणाल की, तक्रारच दाखल नाही तर दखल कशाची घ्यावी? प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यात, साडेतीन दशकांपूर्वीच मिळून चुकले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचा वृत्तान्त जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही विकार जडलेला होता, आणि त्यापूर्वी कधी काळी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. त्या अभ्यासाचा रोख लघवीच्या विकारांवर नव्हता. परंतु दवाखान्याच्या नोंदवहीत जे नाही ते गावातही नाही असे समजण्याचा जो सरकारी दप्तराचा पिढीजात शिरस्ता आहे, तो स्त्रियांच्या दुखण्यांच्या बाबतीत किती फसवा ठरतो, हे त्या दोन खेड्यांनी कायमचे दाखवून दिले.

हा केवळ आपल्याकडच्या अशिक्षितपणाचा किंवा भिडस्तपणाचा परिणाम म्हणावा, तर तसेही नाही. नॉर्वेतल्या एका परगण्यात विशी ओलांडलेल्या सुमारे २८ हजार स्त्रियांनी छापील प्रश्नावली भरून दिली, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांनी आपली लघवी नकळत सुटत असल्याचे लिहिले. त्यांतल्या बहुतेकींनी त्यापायी डॉक्टरची पायरी चढलेली नव्हती. साक्षरता, समृद्धी आणि सरकारी खर्चाने चालणारी वैद्यकसेवा या तिन्ही गोष्टी हाताशी असूनही तेथील स्त्री आपण होऊन बोलली नाही, विचारल्यावर मात्र तिने उत्तर दिले. माझे आपल्याशी भांडण आहे ते एवढेच. या प्रकरणी विचारण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे, सांगण्याची जबाबदारी सोसणारीवर टाकून खात्याने मोकळे होता कामा नये.

आता व्याधीचे स्वरूप थोडक्यात. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते, आणि ते निम्म्याच्या आसपास भरले म्हणजे पहिली जाणीव होते. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा, तर स्त्रीचा जेमतेम ४. आणि या चार सेंटिमीटरांची सारी भिस्त ओटीपोटाच्या तळाशी झोळीप्रमाणे ताणलेल्या ज्या स्नायूंवर असते, त्यांच्यावरच मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्ही इंद्रियांचा भार विसावलेला असतो. बाळंतपणात हे स्नायू आणि त्यांना चेतना पुरवणारे मज्जातंतू ताणले जातात, क्वचित फाटतात, आणि मग पोटात अकस्मात दाब वाढला की मूत्रमार्ग मिटून राहत नाही. दुसरा प्रकार याहून निराळा: त्यात मूत्राशयाचा स्वतःचाच स्नायू वेळी-अवेळी आकुंचन पावतो, एकाएकी अनावर कळ येते, आणि बाई उठून उभी राहीपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. कित्येकींच्या वाट्यास दोन्ही प्रकार येतात. स्थूलता, मधुमेह, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, रजोनिवृत्ती, एवढेच काय, रक्तदाबासाठी दिलेल्या मूत्रल गोळ्या, हे सारे त्यास हातभार लावतात. बाळंतपण हे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे. त्याच नॉर्वेजियन पाहणीच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भागात, मूल न झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा १०, सिझेरियन झालेल्यांत सुमारे १६ आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत २१ आढळले होते. (या आकड्यांच्या आधारे सिझेरियनचा पुरस्कार करू पाहणारा कोणी निघालाच, तर त्याने त्यांतला पहिला आकडा पुन्हा एकवार वाचावा.)

परंतु मी हे पत्र शरीरशास्त्रासाठी लिहीत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात या व्याधीची तीव्रता मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा रोख किती गळते यावर फारसा नाही. घरकाम अडते का, प्रवास टाळता का, पतीशी असलेल्या संबंधात बाधा येते का, झोप मोडते का, पाणी बेताने पिता का, अंगास वास येईल अशी धास्ती वाटते का, असे ते प्रश्न आहेत. व्याधीचे माप मूत्राने न घेता आयुष्याच्या आकुंचनाने घ्यावे, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते, आणि तीच दृष्टी घेऊन आपण आपल्याकडच्या एखाद्या पन्नाशीच्या गृहिणीचा दिनक्रम पाहावा अशी माझी विनंती आहे.

लग्नाला जाणे झाले तर ती मंडपाच्या कडेची खुर्ची धरते, आणि मोरी कोठे आहे याची चौकशी वधूवरांस पाहण्याआधी करून ठेवते. एस.टी.ने जायचे असेल त्या दिवशी सकाळपासून ती पाण्याचा घोट घेत नाही. फिक्या रंगाची लुगडी तिने कधीच बाजूला टाकलेली असतात. जुन्या सुती पातळाच्या घड्या मात्र पिशवीच्या तळाशी न चुकता असतात, आणि त्या धुऊन कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा जागी वाळत घालणे हा तिच्या दिवसाच्या कामांत एका कामाची भर घालतो. नातवंड धावत येऊन बिलगले तर त्याला उचलून घेण्याआधी ती क्षणभर थबकते. भजनी मंडळ सुटते, हळदीकुंकू सुटते, देवीच्या डोंगराच्या पायऱ्या सुटतात, आणि कोणी कारण विचारलेच तर ‘गुडघे दुखतात’ हे उत्तर तयार असते. या राज्यातील स्त्रियांच्या गुडघेदुखीपैकी किती खरोखर गुडघ्यांत असते, याची चौकशी एकदा कोणीतरी करावी असे मला पुष्कळदा वाटते. रात्रीच्या शेजेविषयी तर ती नवऱ्याशीही बोलत नाही. दूर होते एवढेच, आणि त्याचा अर्थ तो आपल्या मगदुराप्रमाणे लावतो.

यात सोवळ्याओवळ्याची भर पडते ती वेगळीच. देवघरात शुचिर्भूतपणे वावरण्याचा जिचा जन्मभराचा नेम, ती एके दिवशी पूजा सुनेच्या हवाली करते आणि घरातली माणसे म्हणतात की, सासूबाईंनी आता संसारातून मन काढले. मुसलमान स्त्रीची अडचण याच जातीची. वुजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, टिकत नाही म्हणून नमाज राहतो. मात्र हनफी धर्मशास्त्राने (फिक्हाने) अशा सततच्या स्रावाने पीडित माणसास ‘माजूर’ मानून, दर नमाजाच्या वेळेस नव्याने वुजू करून तो अदा करण्याची सवलत फार पूर्वीच देऊन ठेवली आहे. तात्पर्य इतकेच की, मध्ययुगातल्या धर्मशास्त्र्यांना ज्या अडचणीची तजवीज करावीशी वाटली, तिची आमच्या आरोग्य खात्यास अद्याप वार्ता नाही.

पाणी तोडण्याच्या या उपायाविषयी येथेच सांगून टाकतो, कारण तो सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक आहे. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चाळवते, जंतुसंसर्गास वाव मिळतो आणि बद्धकोष्ठाने तळाच्या स्नायूंवर आणखी ताण पडतो. म्हणजे ज्यापासून सुटका हवी तेच बळावते. याची दुसरी बाजू म्हणजे तासन्‌तास धरून ठेवणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय शरीराचे नैसर्गिक वेग अडवू नयेत याच विषयास वाहिलेला असून, त्यांत मूत्राचा वेग अग्रस्थानी आहे. पण वेग न अडवण्यासाठी जागा लागते. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने झालेल्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे बांधण्याचे निर्देश दिले. मुंबईत त्याही आधीपासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालली होती. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे तिकीट अर्ध्या दरात मिळू लागले ही चांगलीच गोष्ट झाली. पण जिला वाटेत उतरून जाण्यासारखी जागा कोठे असेल याची खात्री नाही, तिला ते पूर्ण फुकट दिले तरी ती घरीच बसणार. हे खाते आपले नव्हे, हे मला ठाऊक आहे. मंत्रिमंडळाची बैठक मात्र एकच असते.

वृद्धेची स्थिती अधिक गंभीर. रात्री कळ आली म्हणून काळोखात लगबगीने उठावे, ओल्या फरशीवर पाय घसरावा आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडावे, हा प्रसंग कोणत्याही अस्थिरोग विभागास नवा नाही. तेथे नोंद होते ती हाडाची. ती बाई का उठली होती, हे कोणी लिहून घेत नाही.

आता ज्यांच्याविषयी आपले खाते अनभिज्ञ असल्याचे म्हणता येणार नाही, त्यांच्याकडे वळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि पाहणीत समाविष्ट झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे बाहेर आले. मुकादमाकडून घेतलेली उचल, खाडा झाला की होणारा दंड, फडात न्हाणीघर नाही की आडोसा नाही, अशा परिस्थितीत मासिक पाळीची ब्याद एकदाची टळावी म्हणून ‘पिशवी’ काढून घेण्यास या स्त्रिया का राजी झाल्या, याची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. त्या चर्चेत जी गोष्ट आली नाही ती अशी की, गर्भाशय काढल्यानंतर लघवी सुटण्याची शक्यता वाढते. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका विस्तीर्ण अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना या व्याधीसाठी पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागण्याची जोखीम इतरांच्या दुपटीहून अधिक आढळली. बाळंतपणाचा महिना सरतो न सरतो तोच डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी, आणि पस्तिशीच्या आत पिशवी काढलेली ती बाई आज पन्नाशीकडे झुकली असेल. शासनाने तिची शस्त्रक्रिया मोजली, हे योग्यच केले. त्यानंतर तिचे काय झाले हे कोणी विचारले काय?

आणि ही सारी कैफियत मी आपल्यापुढे अशासाठी मांडतो की, व्याधी असाध्य असती तर मी गप्प बसलो असतो. लॉस एंजलिसच्या आर्नल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली आपला निबंध प्रसिद्ध करून, तळाचे हे स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट करता येतात हे दाखवले, त्यास आता पाऊणशे वर्षे उलटली. अपानवायू रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो तेच काही सेकंद आवळून धरायचे आणि सोडायचे, निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने, असा ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेचा दंडक आहे. उपकरण नको, औषध नको, रुग्णालयात खाट नको. खोकल्या-शिंकल्याने लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवरील प्रयोगांचा जो साकल्याने आढावा कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये घेतला, त्यात व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, तर न करणाऱ्यांपैकी शेकडा अवघ्या ६ जणींनी. स्थूल स्त्रियांनी वजन आठ टक्क्यांनी घटवल्यावर लघवी सुटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २००९ साली एका अमेरिकन प्रयोगात आढळले. अनावर कळ येणाऱ्या स्त्रीस, जाण्याच्या वेळांतले अंतर सहा आठवडे क्रमाक्रमाने वाढवीत मूत्राशयास वळण लावता येते. त्यानेही भागले नाही तर औषधे आहेत, जरी त्यांतल्या काहींनी तोंड कोरडे पडते आणि वृद्धांना ती जपून घ्यावी लागतात.

योगाभ्यासी वाचक येथे तळाचे स्नायू आवळण्याच्या मूलबंधाची आठवण काढतील. साम्य आहे, ते मी नाकारीत नाही. पण प्राचीनांना हे सर्व ठाऊक होते असे म्हणून समाधानाने मान डोलावल्याने एकाही बाईचे लुगडे कोरडे राहिलेले नाही. व्यायाम शिकवावा लागतो, हीच तर खरी मेख आहे. ‘स्नायू आवळा’ म्हटले की पुष्कळ स्त्रिया पोट आवळतात, श्वास कोंडतात, मांड्या जुळवतात, आणि काही तर उलट खाली जोर देऊन असलेले दुखणे वाढवून घेतात. कोणी जाणत्या बाईने एकदा नीट तपासून दाखवले, आणि पुढे महिन्याकाठी विचारपूस केली, तरच ते तीन महिने पार पडतात.

शस्त्रक्रियेविषयी फार लिहीत नाही. गर्भाशय खाली उतरणे, ज्याला आपल्या स्त्रिया ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात, त्यावरील शस्त्रक्रियांत मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचे आणि डॉ. पुरंदऱ्यांचे नाव जगभर घेतले जाते, ही आपल्यास भूषणावह गोष्ट आहे. मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीचा पट्टा बसवण्याची जी पद्धत १९९०नंतरच्या दशकात स्वीडनमधून निघाली, तिने अनेकींना आराम पडला आणि काहींना कायमची वेदना जडली, इतकी की इंग्लंडात २०१८ साली तिचा वापर स्थगित करावा लागला. म्हणूनच पहिली पायरी व्यायामाची, आणि शस्त्रक्रियेची पाळी त्यानंतर. एका स्त्रीस मात्र ही पायरी लागू नाही: अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर जिची लघवी रात्रंदिवस अखंड झिरपत राहते, तिच्या मूत्राशयास छिद्र पडलेले असण्याचा संभव असतो, तिला व्यायाम सांगत न बसता विनाविलंब जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे.

मागणे काय, ते आता सांगतो. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्ती सहा-सात वेळा त्या घरी जाते. नवजात अर्भकाच्या घरच्या घरी शुश्रूषेची ही कल्पनाही गडचिरोलीतच सिद्ध झाली आणि पुढे देशभर गेली. तेथे बाळाचे वजन होते, ताप पाहिला जातो. त्याच भेटीत आईस एवढेच विचारावे: खोकताना लघवी सुटते का, पूर्वीसारखी धरवते का? तिशीपुढील स्त्रियांसाठी आशाताईंच्या हाती जी तपासणीची प्रश्नावली असते, तीत स्तनातली गाठ, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव यांविषयीचे प्रश्न आहेत. त्यांच्या शेजारी हाच प्रश्न छापावा. ‘होय’ असे उत्तर आले की त्या स्त्रीस कोठे पाठवायचे, हेही आधी ठरलेले असावे, एरव्ही प्रश्न विचारणे हा निव्वळ खोचकपणा ठरेल. आठवड्यातला एक दिवस नेमून, तालुक्याच्या रुग्णालयात हा व्यायाम शिकवणारी स्त्री फिजिओथेरपिस्ट बसावी, आणि आरोग्यसेविकांना त्याचे प्राथमिक शिक्षण मिळावे. गर्भाशय काढण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो की खाजगी, पुढे लघवीचा त्रास संभवतो ही गोष्ट रुग्णेस तिच्या भाषेत सांगून संमतिपत्रात नमूद करावी, असा हुकूम निघावा. मासिक पाळीच्या पॅडवरील कर जुलै २०१८ मध्ये उठला. मोठ्या माणसांच्या डायपरवरील कर मात्र कायम आहे. तो आपल्या हाती नसला तरी आपल्या सहकाऱ्यांमार्फत जीएसटी परिषदेत हा विषय काढता येण्याजोगा आहे.

सुरुवात संबंध राज्यात करावी असे माझे म्हणणे नाही. बीड जिल्ह्यातला एखादा तालुका निवडावा, गळीत हंगाम आटोपून मंडळी गावी परतली की कामास लागावे, आणि वर्षअखेर किती जणींनी ‘होय’ म्हटले व त्यांपैकी किती जणींना आराम पडला याचा तक्ता विधिमंडळापुढे ठेवावा. एक पुस्ती जोडतो: या वाढीव प्रश्नासाठी आशाताईंना वाढीव मोबदला मंजूर करून, त्याची तरतूद त्याच शासन निर्णयात करावी, काम आजपासून आणि पैसे मागाहून, ही जी जुनी रीत आहे ती निदान या खेपेस नको.



आपला नम्र,
एक नागरिक